आधी पायांशी बसा, मग पदर खोचा: मंडळीत राबणाऱ्यांसाठी

नोव्हेंबरची २४ तारीख उजाडली की जुन्या गोव्यात नोव्हेना (फेस्ताआधीची, म्हणजे सणाआधीची, नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होतो. तिथपासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला पाठ टेकायला फुरसत नसते. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, ८ला पणजीचं, मग गोठा, नक्षत्रं, केक, पाहुणे. आपल्या मराठी मंडळ्यांचं, म्हणजे चर्चचं, कॅलेंडर थोडं वेगळं असतं, धावपळ मात्र तीच. घरोघरची नाताळगीतं, शब्बाथ शाळेचं नाटक, महिला मंडळाचा फराळ, २५ तारखेचं जेवण, ३१ला मध्यरात्रीची उपासना.

या धावपळीत प्रत्येक मंडळीत एक ठरावीक माणूस सापडतो. मागच्या दाराच्या किल्ल्या त्याच्याकडे, मंडपवाल्याचा नंबर त्याच्याकडे, चहाचा मोठा थर्मास कुठे ठेवलाय तेही त्यालाच ठाऊक. शास्त्रपाठ वाचला जात असतो तेव्हा ही काकू स्वयंपाकघरात कप विसळत असते. आशीर्वचन तिला खिडकीतून ऐकू येतं, तेही अर्धं, कारण गॅसवर दूध वर यायला लागलेलं असतं. वर्षानुवर्षं ती दर रविवारी देवळात येते, पण उपासनेत ती बसलेली नसते.

पुढचं सगळं तिच्यासाठी आहे. तिच्या जोडीने खजिनदार, गायन मंडळाचा मास्तर, तरुण संघाचा सेक्रेटरी आणि खुद्द पाळकसाहेब यांच्यासाठीही. सेवा सोडून द्या असं कुठेही सांगायचं नाही. क्रम बदलायचा आहे, आणि क्रम बदलणं हे वाटतं त्याहून खटपटीचं काम आहे. म्हणून जरा सविस्तर.

मार्थेला आधी न्याय देऊ

लूक १०:३८–४२: येशू घरी येतो, मार्था पाहुणचारात गुंतते, तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकत राहते. हा उतारा आपण इतक्यांदा ऐकलाय की मार्था म्हणजे चुकलेली आणि मरीया म्हणजे बरोबर, असं गणित डोक्यात पक्कं बसलंय. पण आधीच्या वचनांवर नजर टाका. लगेच आधी दयाळू शोमरोन्याचा दाखला आहे, आणि तो ‘जा आणि तूही तसंच कर’ या अर्थाच्या आज्ञेवर संपतो. म्हणजे लूक आधी हात-पाय चालवायला सांगतो आणि त्याला लागूनच बसायला सांगतो. दोन्ही शेजारी शेजारी. पुढच्याच अध्यायाच्या सुरुवातीला शिष्य येशूला म्हणतात, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. ही मांडणी सहज झालेली नाही.

शिवाय दार उघडलं ते मार्थेने. तिने घरात घेतलं नसतं तर मरीया बसली असती कुठे? येशू तिला स्वयंपाक थांबव म्हणत नाही. खटकतं ते तिचं बोलणं. ते नीट ऐका: बहिणीने मला एकटीला राबायला टाकलं, तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही, आता तुम्हीच तिला सांगा. तीन वाक्यांत बहीण कामचुकार ठरली, प्रभू बेपर्वा ठरला, आणि प्रभूने काय बोलायचं तेही मार्थेनेच ठरवून टाकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘सगळं मीच मरायचं का?’ हे वाक्य तोंडात आलं की समजावं, आपण त्या ४०व्या वचनात उभे आहोत.

पुढे काय होतं तेही वाचा. योहान ११:२७ मध्ये हीच मार्था भावाच्या मरणानंतर येशूला ख्रिस्त, देवाचा पुत्र म्हणून कबूल करते. पेत्राच्या कबुलीच्या तोडीची ही कबुली, पण तिच्यावर उपदेश क्वचितच होतो. आणि योहान १२:२ मध्ये बेथानीत जेवण आहे, मार्था पुन्हा वाढते आहे. काम तेच आहे. या वेळी तक्रारीचा एकही शब्द नोंदलेला नाही.

एक गोष्ट जाता जाता, कारण ती बोलल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक होईल. हा उतारा आपल्याकडे बायकांच्या माथी मारला जातो. उपदेशक म्हणतो, ‘भगिनींनो, मरीयेसारख्या व्हा,’ आणि उपासना संपली की त्याच भगिनींनी वाढलेल्या पंगतीत पहिल्या रांगेला बसतो. मरीयेवर उपदेश करायचा असेल तर त्या रविवारी भांडी पुरुषांनी घासायची, हा नियम मंडळीने खुशाल करावा. माझ्या मते उपदेशाचा अर्धा अर्थ तिथेच पोहोचतो.

पहिलं काम: हिशेब मांडा

वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे गेल्या आठवड्यात मंडळीसाठी केलेली सगळी कामं लिहा: मीटिंग, सराव, फोन, आजाऱ्यांच्या भेटी, घरप्रार्थनेचा चहा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची निरोपानिरोपी. उजवीकडे लिहा तो वेळ, जो तुम्ही देवासमोर एकट्याने, कुणाला काही देण्याची तयारी न करता घालवला.

शेवटची अट महत्त्वाची आहे आणि लबाडी तिथेच होते. शब्बाथ शाळेचा धडा तयार करताना वाचलेलं शास्त्र उजवीकडे धरायचं नाही. गायनाचा सराव धरायचा नाही. सकाळी सहा वाजता ग्रुपवर फुलांच्या चित्रासह टाकलेलं वचन तर मुळीच नाही. पाळकांसाठी हा हिशेब सगळ्यात अवघड, कारण त्यांचं सगळं वाचन रविवारच्या उपदेशासाठी असतं. उतारा उघडला की ‘यातले तीन मुद्दे कोणते’ हाच विचार आधी येतो. ते वाचन चांगलंच आहे, पण ते दुसऱ्यांच्या ताटात वाढण्यासाठी आहे.

उजवी बाजू बहुतेकांची रिकामी निघते. दचकू नका. प्रकटीकरण २ मध्ये इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. तिची कामं, श्रम, धीर, सगळ्याची त्यात नोंद आहे आणि कौतुकही. तक्रार एकच: पहिली प्रीती सोडलीस. रोग जुना आहे, आणि तो आळशी मंडळीला नव्हे, कामसू मंडळीला झालेला आहे.

पान फाडू नका. पुढे लागेल.

दुसरं: आधी झोप

हे कुठल्याच भक्तिवर्गात सांगत नाहीत म्हणून इथे सांगते. थकून चूर झालेल्या माणसाला पहाटे पाचला उठून प्रार्थना कर म्हणणं हे त्याच्या डोक्यावर आणखी एक काम टाकणं आहे. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. खाऊ घालतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी त्यानंतरची.

तेव्हा डिसेंबरातून नुकतेच बाहेर पडला असाल तर पहिला आठवडा फक्त वेळेवर झोपा. खरंच.

तिसरं: वेळ ठरवा, गोव्याचा दिवस बघून

मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे, अंधार असतानाच, निर्जन जागी जाऊन प्रार्थना करतो. आदल्या दिवशी कफर्णहूमात सभास्थानातली शिकवण, भूतग्रस्ताची सुटका, पेत्राच्या सासूचा ताप आणि सूर्य मावळल्यावर दारात लोटलेलं सगळं गाव, इतकं झालेलं आहे. म्हणून पहाट उत्तम, यात वाद नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजायच्या आधीचा अर्धा तास घरात खरी शांतता असते. पण पहाट सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक इस्टेटीत तिसऱ्या पाळीला जाणारा माणूस पहाटे घरी पोहोचतो. त्याने झोपून उठल्यावर, अंघोळीनंतर आणि जेवणाआधी बसावं. हॉटेलात काम करणाऱ्यांना ऑक्टोबर ते मार्च रविवारही मोकळा नसतो. त्यांनी आठवड्याच्या सुटीचा दिवस, मग तो मंगळवार असो, आपला प्रभूचा दिवस समजून सकाळी तासभर राखावा. लहान मुलांच्या आईला सलग वीस मिनिटं मिळत नाहीत. तिने पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे करावेत, आणि आठवड्यातून एकदा मूल नवऱ्याकडे किंवा सासूबाईंकडे देऊन अर्धा तास घ्यावा. ही सवलत तिला घरच्यांनी द्यायची आहे. तिने मागत फिरायची नाही.

आणि गोव्याचं म्हणून जे एक वरदान आहे ते दुपारचं. दीड-दोनच्या सुमारास बाजारपेठा शटर ओढतात, फोन थंडावतात, कुणी कुणाच्या दारी जात नाही. बाहेरून आलेली माणसं या वामकुक्षीला हसतात. पण जेवण झाल्यावर आणि डोळा लागायच्या आधी पंधरा मिनिटं मिळत असतील तर अशी राखीव वेळ मुंबईत कुणाला मिळते? दुकानदारांनी, शिक्षकांनी, निवृत्तांनी दुपारच धरावी असं मला वाटतं. पंख्याखाली आडवं होऊन मात्र नाही. ताठ खुर्चीत.

सुरुवात पंधरा मिनिटांनी करा. तास ठरवलात तर चौथ्या दिवशी मोडेल आणि मग अपराधीपणाच उरेल. ठरलेली वेळ वहीतल्या त्या पानावर उजव्या बाजूला लिहा आणि घरच्यांना सांगून ठेवा: ‘सहा ते सव्वासहा मला हाक मारायची नाही.’ न सांगितलेली वेळ कुणीच पाळत नाही.

चौथं: जागा

मत्तय ६:६ मध्ये खोलीत जाऊन दार लावायला सांगितलंय. वास्कोतल्या दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असतील तर दार लावणार कुठलं? तेव्हा गच्ची, जिन्याची वरची पायरी, जुन्या घरात राहत असाल तर बाल्कांवातलं (पुढच्या ओसरीतलं) बाकडं. किंवा वाटेवरचं देऊळ. सकाळी मिस्सा होऊन गेल्यावर कॅथलिक देवळात मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला कुणी पंथ विचारत नाही. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीने रोज जाणाऱ्यांना तर नदी ओलांडतानाची ती मिनिटं आयती मिळतात. कठड्याशी उभं राहून एक स्तोत्र पुरं होतं.

जागा कुठलीही असो, फोन दुसऱ्या खोलीत. शास्त्र छापील वापरा. फोनवरच्या शास्त्रात दुसऱ्या वचनाला मंडपवाल्याचा मेसेज येतो, आणि तुम्ही बोटाने तो सारून टाकला तरी मन त्याच्यामागे गेलेलं असतं.

पाचवं: त्या पंधरा-वीस मिनिटांत नेमकं काय करायचं

इथे थोडा वेळ काढू, कारण ‘शांत समय घ्या’ असं सगळेच सांगतात आणि आत काय करायचं ते क्वचितच कुणी दाखवतं.

बसा. वहीत एक कोरा कागद ठेवा आणि पेन हाताशी. पहिली दोन मिनिटं काही बोलायचं नाही. लगेच कामं आठवायला लागतील: साउंडवाल्याला फोन राहिला, आल्मेदाबाईंना केकची ऑर्डर सांगायची. जे आठवेल ते त्या कागदावर दोन शब्दांत लिहा आणि सोडून द्या. मनाशी भांडत बसू नका. कागदावर उतरलं की ते काम पंधरा मिनिटं थांबायला तयार होतं.

मग एक स्तोत्र मोठ्याने वाचा. पुटपुटत नव्हे, स्वतःच्या कानांना ऐकू येईल असं. मराठी माणसाला हे परकं नाही. पोथी आपण मोठ्यानेच वाचत आलो. याच गोव्यात, साष्टीत, थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. ओवी असते ती तोंडाने म्हणायला, कानाने ऐकायला. डोळ्यांनी भराभर वाचलेलं वचन घसरून जातं, जिभेवरून गेलेलं थोडं तरी चिकटतं.

रोज एक स्तोत्र, आणि ११९वं मात्र त्याच्या २२ भागांप्रमाणे रोज आठ वचनं, असं घेतलं तर सगळी १५० स्तोत्रं १७१ दिवसांत होतात. म्हणजे वर्षात दोनदा, आणि मध्ये आजारपण, प्रवास, पाहुणे यांसाठी तीन आठवडे शिल्लक. मनाजोगती स्तोत्रं निवडू नका, क्रमाने घ्या. आपण आनंदात असताना विलापाचं ८८वं येईल आणि रडत असताना स्तुतीचं १५०वं. यायलाच हवं. ती प्रार्थना आपल्या मूडवर चालत नाही, हाच तिचा उपयोग.

मग शुभवर्तमानातली थोडी वचनं, फार तर दहा. मार्कापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत आणि भाषा धावती आहे. तीनदा वाचायचं. उदाहरण म्हणून मार्क १:३५–३९ घेऊ.

पहिल्या वाचनात फक्त काय घडलं ते बघा. येशू अंधारात उठून बाहेर गेला. शिमोन आणि सोबती शोधत आले. म्हणाले, सगळे तुमचा शोध करताहेत. तो म्हणाला, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ.

दुसऱ्या वाचनात कुठे अडखळता ते बघा. बहुतेक ३७व्या वचनाशी अडखळाल. सगळे शोधताहेत! आपल्याला असा निरोप आला असता तर आपण प्रार्थना तिथेच टाकून धावलो असतो, आणि मनातून सुखावलोही असतो. मंडळीतल्या अर्ध्या धावपळीला हेच इंधन आहे: माझ्यावाचून अडतं. येशू त्या गर्दीकडे परत जात नाही. कफर्णहूमात तेव्हाही आजारी माणसं असणारच, तरी तो दुसऱ्या गावी निघतो. पुढे कुठे जायचं हे त्याला गर्दीने सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वाचनानंतर पुस्तक मिटा आणि जे टोचलं ते देवाला सरळ बोलून दाखवा. साध्या घरगुती मराठीत. ‘हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ’ अशी सुरुवात रविवारसाठी ठेवा. ‘प्रभू, मला शोधलं जाणं आवडतं. गेल्या महिन्यात मीटिंगला मला बोलावलं नाही तेव्हा दोन दिवस राग होता.’ असं. एवढं बोलल्यावर गप्प राहा. मिनिटभर का होईना.

शेवटी इतरांसाठी मागणं. घरची माणसं, मग मंडळीतली दोन-तीन नावं, रोज वेगळी. आणि तारखेसह एक ओळ वहीत. सुंदर लिहायची गरज नाही. ‘मार्क १:३७, शोधलं जाणं’ एवढी पुरे.

डिसेंबरात लूक घ्या. त्याचे अध्याय २४ आहेत. १ तारखेपासून रोज एक वाचला तर २४ला संध्याकाळी पूर्ण होतो. हे वाचन लांब असल्यामुळे तीनदा होणार नाही, चालेल. निदान नाताळच्या नाटकात मेंढपाळांना काय बोलायला लावायचं या विचाराबाहेर पडून एकदा सबंध लूक डोळ्यांखालून जाईल, आणि १ तारखेला वाचलेला जखऱ्या धूप जाळताना गप्प झाला होता हेही लक्षात राहील.

काही दिवस काहीच वाटणार नाही. कोरडं. कोरडेपणात लोक पद्धत बदलतात, नवं पुस्तक आणतात, यूट्यूबवर उपदेश लावतात. करू नका. तीच खुर्ची, पुढचं स्तोत्र, उठा. नारायण वामन टिळकांचा एखादा अभंग ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आवडीचा असेल तर त्या दिवशी तेवढाच म्हणा.

सहावं: काम हातातून सोडायचं कसं

आता तो हिशेबाचा कागद पुन्हा काढा. डाव्या बाजूच्या प्रत्येक कामापुढे विचारा: हे मीच करायला हवं का? उत्तर लिहिताना प्रेषितांची कृत्ये ६ शेजारी उघडं ठेवा. यरुशलेमेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होत होती. तक्रार खरी होती. प्रेषितांनी ती झटकली नाही आणि स्वतः पळी हातात घेऊन धावलेही नाहीत. सात माणसं निवडून घेतली, आणि स्वतः प्रार्थनेला व वचनाच्या सेवेला लागून राहिले. एक बारीक गोष्ट बघा: पंगतीच्या कामासाठी निवडलेली ती सात माणसंही आत्म्याने भरलेली हवी होती. म्हणजे वाढप्यालासुद्धा आधी बसलेलं असणं भाग होतं. त्यातलाच एक स्तेफन, पहिला ख्रिस्ती हुतात्मा.

सोडताना खरी अडचण होते ती बोलायची. आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. म्हणून वाक्यं तयार ठेवा. ‘पाळकसाहेब, जानेवारीपासून भोजनाचं मी बघणार नाही. ताईंना सगळं दाखवून देते, दोन महिने सोबत राहते.’ कारणांची यादी देऊ नका. कारण दिलं की समोरचा ते सोडवून देतो: ‘गुडघे दुखतात? मग बसून भाज्या चिरा!’ आणि तुम्ही पुन्हा विळीवर.

समोरून असंही येतं:

‘काकू, आज तुम्ही आत बसा ना.’

‘मी बसले तर चहाचं कोण बघणार?’

‘आज चहा नाही.’

हे तिसरं वाक्य म्हणण्याची हिंमत मंडळीने करावी. महिन्यातल्या एका रविवारी चहा नाही. सभासद दहा मिनिटं जास्त बोलतील आणि घरी जाऊन चहा पितील. कुणीही चहावाचून विश्वास सोडल्याचं ऐकिवात नाही.

बाकीचे रविवार दोन तुकड्या करा. या रविवारी जी तुकडी स्वयंपाकघरात, ती पुढच्या रविवारी पुढच्या बाकांवर. तुकडीत पुरुष हवेतच. चहा उपासनेआधी करून थर्मासमध्ये भरायचा आणि शास्त्रपाठाच्या आत सगळ्यांनी स्वयंपाकघराचं दार बाहेरून लावून आत येऊन बसायचं. २५ तारखेच्या जेवणाचाही जरा विचार करा. तीन भाज्या, दोन गोडाची आणि मटण असा घाट घातला तर सहा बायकांचा नाताळ चुलीपाशी जातो. पातळ भाजी, पाव आणि केक यांवर कुणी उपाशी राहत नाही. पाव पोदेर आणून देतो.

निर्गम १८ मध्ये मोशेचा सासरा इथ्रो नेमकं हेच सांगतो: सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. मोशेने ऐकलं. सासऱ्याचं!

सभा आणि मीटिंगा

कमिटीची मीटिंग एका मिनिटाच्या प्रार्थनेने सुरू होते आणि दोन तास खुर्च्यांच्या भाड्यावर चालते. पहिली वीस मिनिटं एक उतारा, शांतता आणि प्रत्येकाची एक-एक प्रार्थना असं ठेवून बघा. मीटिंग लांबत नाही, उलट भांडणं आखडतात. बस, एवढंच.

सातवं: वर्षातून काही वेळा लांबचं बसणं

रोजच्या पंधरा मिनिटांना अधूनमधून एक सबंध अर्धा दिवस जोडायला हवा. मार्क ६:३१ मध्ये येशू शिष्यांना एकांती चला, थोडा विसावा घ्या म्हणतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नव्हती. गोव्यात याला हक्काचा ऋतू आहे: पावसाळा. जून ते सप्टेंबर पर्यटक कमी, लग्नं कमी, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले. हॉटेलवाल्यांना, टॅक्सीवाल्यांना याच महिन्यांत उसंत मिळते. उपवासकाळाचे चाळीस दिवस हा दुसरा मोका.

एकट्याने जा किंवा दोघं-तिघं, पण बोलायचं नाही असं ठरवून. जुन्या गोव्यात बासिलिकेच्या गर्दीत न अडकता वर डोंगरमाथ्यावरच्या ‘अवर लेडी ऑफ द माउंट’ चॅपलपाशी जाऊन बसा. मांडवी आणि दिवाड समोर दिसते. पिलारच्या टेकडीवर फादर आग्नेल यांची समाधी आहे, तिथल्या आवारातही निवांत बसता येतं. नाहीतर आपलंच देऊळ, पंखा लावून. बरोबर शास्त्र, वही, पाण्याची बाटली आणि डबा. सकाळी नऊ ते एक. पहिला तास काहीही नका करू, झोप आली तर डुलकी घ्या. दुसऱ्या तासात एक सबंध छोटं पत्र, समजा फिलिप्पैकर, एका बैठकीत. तिसऱ्यात वहीतल्या गेल्या तीन महिन्यांच्या ओळी वाचा. एकच गोष्ट तीन-चारदा लिहिलेली सापडेल. चौथा तास त्याबद्दल देवाशी बोलायला.

सांकवाळच्या संत जोसेफ वाझ यांचं स्मरण इथे उपयोगी आहे. बाणावलीला १६५१ मध्ये जन्म, १६८५ मध्ये जुन्या गोव्यातल्या ऑरेटरीत प्रवेश. प्रार्थनेच्या शिस्तीत राहणारा तो स्थानिक धर्मगुरूंचा समुदाय होता. १६८७ मध्ये ते डच अमलाखालच्या सिलोनात (आताच्या श्रीलंकेत) लपूनछपून पोहोचले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझ त्यांची शुश्रूषा करत मागे राहिले. त्यांच्या नावाने आपण इस्पितळ-भेटी आणि गरिबांना वाटप करतो ते योग्यच आहे. पण देवीच्या रोग्यापाशी थांबायचं बळ त्यांना सेवेच्या वेळापत्रकातून मिळालं नव्हतं, त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या बसण्यातून मिळालं होतं. १६ जानेवारीला त्यांचं फेस्त असतं. त्या दिवशी वाटपाला जाण्याआधी तासभर बसायला काय हरकत आहे?

उलट्या बाजूचा धोका

काही माणसांना हे सगळं वाचून फारच बरं वाटेल. त्यांनी तसंही कधी खुर्ची उचललेली नसते. त्यांच्यासाठी यशया ५८ आणि याकोब २:१५–१६ आहेत: उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ म्हणून वाटेला लावणाऱ्याच्या विश्वासाला याकोब मेलेला म्हणतो. शेजारच्या आजींना छातीत कळ आली आणि तुमची प्रार्थनेची वेळ चालू आहे, तर शास्त्र मिटा आणि रिक्षा बोलवा. शोमरोन्याच्या त्या दाखल्यात यरीहोच्या वाटेवरचे याजक आणि लेवी जखमी माणसाला टाकून बाजूने निघून गेलेच होते.

बसणं खरं की पळवाट, हे कळतं स्वयंपाकघरात. महिना-दोन महिन्यांनी बघा: कुणी उशिरा आलं तर आवाज चढतो का? आपण चिरलेल्या कांद्याचं कुणी कौतुक केलं नाही म्हणून जेवण कडू होतं का? दुसरीने आमटीत वेगळा मसाला घातला तर ती पातेली आपण चमच्याने ढवळून बघतो का? कुठलंही भारावलेलं वाटणं यापेक्षा जास्त सांगत नाही.

मोडलं तर

मोडेल. बहुधा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. चुकलेली स्तोत्रं भरून काढायला बसू नका. आजच्या तारखेला जे येतं ते घ्या आणि मागचं सोडा. पाच मिनिटंच मिळाली तर पाच. सलग आठवडा चुकला तर मंडळीतल्या एका माणसाला, ज्याच्याशी तुमचं खरं बोलणं होतं त्याला, सांगा की चुकलंय. त्याने उपदेश करायचा नाही, फक्त पुढच्या रविवारी विचारायचं: बसलात का?

आणि वार्षिक सभेत नव्या वर्षाच्या जबाबदाऱ्या वाटल्या जातील तेव्हा दोन ठराव मांडून बघा. एका माणसाकडे एकच मोठं काम. आणि सलग तीन वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेल्याला एक वर्ष सक्तीची सुट्टी. सुट्टीवरच्या काकूंनी सल्ला द्यायलाही आत डोकवायचं नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर पडू दे, टेबलावर मिठाची वाटी ठेवता येते.